लाल वर्तुळ दिसतच नसेल तर चूक खेळणाऱ्याची कशी?

हिरवा_हीलर (डिचोली)

परवा जुना_टँक यांनी आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या गटात लिहिलं, "एका बटणावर खेळणाऱ्यांसाठी गेम सोपा करत करत कंपनीने त्याचा जीव घेतला. ज्याला जमत नाही त्याने दुसरा गेम बघावा." खाली पंचवीसेक अंगठे. गप्पच बसणार होतो, पण दोन रात्री तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहितो.

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. गेल्या शनिवारच्या रेडमध्ये, म्हणजे सगळे मिळून बॉसशी लढतो त्या मोहिमेत, मी चार वेळा मेलो, ते सगळ्यांना आठवत असेल. बॉस जमिनीवर लाल वर्तुळ टाकतो, आत राहिलं की मार बसतो, आणि जमीन जंगलाची. तुम्हाला ते लांबूनही ठसठशीत दिसत असेल, मला गवतावर गवत. काठाशी थोडं थरथरतं, पण ते लक्षात येईपर्यंत अर्धी हेल्थ गेलेली असते. वरून माइकवर ओरडा, "लालमधून बाहेर पड, डोळे उघड!" डोळे उघडेच होते.

गेममध्ये रंगांचा फिल्टर आहे ना, असं कोणीतरी म्हणेलच. लावून बघितला. तो सगळ्या पडद्याचे रंग फिरवतो. वर्तुळ जरा उठून दिसतं, पण मग सोबत्यांच्या हेल्थच्या पट्ट्यांमधला ड्रुइड कुठला आणि हंटर कुठला ते कळेनासं होतं. आणि हीलरचं, म्हणजे बाकीच्यांना बरं करणाऱ्याचं, सगळं काम पट्ट्यांवर. मला हवंय ते एवढंच: वर्तुळाला जाड काठ, आत तिरप्या रेघा, पडताना एक वेगळा आवाज. रंग हवा तो ठेवा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १२ मागे एकाला हा दोष असतो. म्हणजे तिकडच्या ४० पुरुषांच्या जुन्या रेडमध्ये तिघे तरी माझ्यासारखे असणार.

बॉसने मला मारावं, त्यासाठीच आत जातो. पण मी चुकलो म्हणून मरावं, दिसलं नाही म्हणून नव्हे.

जुना_टँक (म्हापसा)

माझं वाक्य अर्धंच उचललंस. रंगाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. काठ जाड करा, रेघा मारा, माझी हरकत नाही. माझा वाद बटणाशी आहे.

२००६ मध्ये म्हापशाच्या सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून मी हा गेम शिकलो. मोल्टन कोर या रेडला ४० माणसं लागायची. तीस कळा बोटांत बसायला मला सहा महिने लागले. आता एकच कळ दाबत राहा, पुढचा स्पेल कुठला ते गेम ठरवणार. आमच्याकडे भजनाला इलेक्ट्रॉनिक तबला आला आहे, बटण दाबलं की तीनताल सुरू. साथ होते, पण त्याला कोणी तबलजी म्हणत नाही. रियाझाला काही किंमत उरायला हवी की नको?

आणि पट्ट्यांच्या रंगांसाठी अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आहेत. लावायचे.

फोंड्याची_मेज

टँकबाब, तबल्याचं उदाहरण दिलंत म्हणून सांगते. मी बारा वर्षं पेटी वाजवली. एकतिसाव्या वर्षी संधिवात निघाला. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागतो, बोटं मिटत नाहीत. पेटी सुटली. हा गेमही सुटला होता, कारण शिफ्ट धरून चार आणि लगेच कंट्रोल धरून दोन, हे माझ्या बोटांना जमत नाही. कुठल्या वेळी काय टाकायचं हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

ते बटण जून २०२५ च्या ११.१.७ पॅचमध्ये आलं. ते वापरलं तर प्रत्येक स्पेलनंतर ०.२ सेकंद जास्त थांबावं लागतं. फुकट काही मिळत नाही. डॅमेजच्या यादीत मी तुमच्या जवळपासही येणार नाही आणि मला यायचंही नाही. कुठे उभं राहायचं, कधी पळायचं, कोणाचा मंत्र मध्येच तोडायचा, हे अजून मलाच करावं लागतं. तुमचा रियाझ तुमच्याकडेच आहे. माझ्या येण्याने त्यातलं काय कमी झालं ते सांगा.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन आठवतो ना? इबेलिन नावाने खेळायचा. स्नायू गळत जाणारा आजार, शेवटी बोटांपुरती हालचाल उरलेली. गिल्डमधल्या, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटातल्या, बहुतेकांना वर्षानुवर्षं पत्ताही नव्हता. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा गिल्डची माणसं दुसऱ्या देशांतून त्याच्या अंत्यविधीला आली. "जमत नाही त्याने दुसरा गेम बघावा" हे त्याला कोणी सांगितलं असतं तर?

सत्तरी_रात्री

एवढी चर्चा रंगांची आणि बटणांची, पण पहिला अडसर वीज आणि पिंग, म्हणजे नेटचा उशीर. इथे पहिला पाऊस पडला की बॉस दहा टक्क्यांवर असतानाच लाइट जाते. परत लॉगिन होईपर्यंत गटाने दुसरा माणूस घेतलेला असतो. हा माझा रियाझ कमी पडतो का? दहा मिनिटं जागा राखून ठेवायची सोय गेममध्येच का नाही?

हिरवा_हीलर (डिचोली)

@जुना_टँक, अ‍ॅडऑनचं म्हणाल तर ते फावल्या वेळात फुकट काम करणाऱ्यांनी लिहिलेले. त्यांनी उद्या हात वर केले की माझे डोळे गेले. आणि मिडनाइट या विस्तारापासून लढाईतली माहिती अ‍ॅडऑनना देणं कंपनीनेच आखडतं घेतलंय. कारणही पटण्यासारखं आहे: सगळे अ‍ॅडऑन लावतात हे धरून बॉस अवघड बनवायचे, मग त्यासाठी आणखी अ‍ॅडऑन. पण मग माझी कुबडी काढून घेतल्यावर दाराशी पायऱ्यांऐवजी उतार बांधायची जबाबदारी कंपनीचीच.

कान_हेच_डोळे (साखळी)

तुमचं सगळं ऐकलं. खरंच ऐकलं, कारण मला अजिबात दिसत नाही. तुम्ही वर्तुळाच्या काठावर भांडताय, मला वर्तुळच नाही.

मी मड, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा अक्षरी गेम, खेळतो. इंग्लंडात १९७८ मध्ये पहिला मड निघाला, तुमच्या सगळ्या गेमांचा तो आजोबा. सगळं अक्षरांत: "उत्तरेला गुहेचं तोंड. आतून घोरण्याचा आवाज." स्क्रीन रीडर वाचतो, मी टाइप करतो, आणि डोळस खेळाडूंना हरवतो. वॉरक्राफ्ट क्लासिकसाठी स्कू नावाचा अ‍ॅडऑन आहे, त्यावर अंध माणसं खेळतात. तोही कंपनीचा नव्हे, खेळाडूंनीच बनवलेला. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, अपंगांचा महोत्सव, झाला तेव्हा वाटलं, आता आपल्याकडे लोक या गोष्टी बोलतील. इथे मात्र ज्याला जे अडतं तेवढंच तो मागतोय.

एक विनंती. गटात मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू नका. "उद्या" तसं लिहिलं की माझं यंत्र "अड्या" म्हणतं. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं. देवनागरीत लिहिलं तर यंत्र सरळ वाचतं.

मडगांवची

ऐकायला सोपं जावं म्हणून देवनागरी, हे मला पटलं. पण या गटात देवनागरी म्हटलं की पुढचं वाक्य "मराठीत लिहा" असतं. मी कोंकणी लिहिली तेव्हा दोघांनी तसं सांगितलंय. माझी आजी प्रार्थनेचं पुस्तक रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचते. तिची लिपी चुकीची का?

डोंगरीचा_पॅलाडिन

गट मराठी आहे बाय, म्हणून सांगितलं. १९८७ चा राजभाषा कायदा वाचा, मराठीलाही स्थान आहे. आमच्या घरात भजन मराठीत आणि भांडण कोंकणीत, कोणाला त्रास नाही.

मडगांवची

कायदा मला शिकवू नका. त्यात राजभाषा कोंकणी आहे आणि मराठी वापरायला मुभा आहे, हे दोन्ही मला माहीत आहे. आमी घरांत कोंकणीच उलयतात. आणि "बाय" म्हणून समजूत काढायची गरज नाही.

डोंगरीचा_पॅलाडिन

आदराने म्हटलं तरी टोचतं! मग बोलायचं तरी कसं? माझ्या आजोबांनी मराठी शाळेसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. त्यांच्या भाषेला "मुभा" म्हटलेलं मला सहन होत नाही.

फोंड्याची_मेज

दोघंही थांबा. गेमच्या चॅटमध्ये देवनागरी टाकून बघितलीत का? मी काल टाकली, चौकोन उमटले. बऱ्याच गेमांत हेच. नुसता फॉन्ट घालूनही भागत नाही. "कि" लिहिताना आधी क साठवला जातो, मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी क च्या आधी यावी लागते. जोडाक्षरांचं तसंच. ही जुळणी करणारा भाग गेममध्ये घातलेलाच नसतो, कारण लॅटिन अक्षरांचं त्याशिवाय चालतं. चौकोनांत मराठी कुठली आणि कोंकणी कुठली ते ओळखून दाखवा, मग भांडा.

मडगांवची

ठीक. चौकोनांविरुद्ध मी तुमच्या बाजूने. गटात देवनागरीत लिहीन, कोंकणीत लिहीन.

कान_हेच_डोळे (साखळी)

चालेल. कोंकणी मला कळते.

जुना_टँक (म्हापसा)

भाषेत मी पडत नाही. मूळ मुद्दा.

हीलर, माइकवर ओरडणारा मीच होतो. दीड वर्ष एकत्र खेळतोय, तू एकदाही सांगितलं नाहीस. मला स्वप्न पडणार होतं का?

हिरवा_हीलर (डिचोली)

सांगितलं नाही, कारण आधीच्या गिल्डमध्ये सांगितल्यावर पुढच्या रेडला नाव नव्हतं. "जागा भरली" म्हणाले.

जुना_टँक (म्हापसा)

ते चुकीचं केलं त्यांनी.

फोंड्याच्या बाईंचं ०.२ सेकंदांचं मी तपासलं, बरोबर आहे. आमच्या डॅमेजला त्याने धक्का लागत नाही, हे मान्य. तरीही धडधाकट पोरं पहिल्या दिवसापासून त्याच बटणावर बसतात आणि स्वतःचा क्लास, म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार, शिकत नाहीत, हे मी रोज बघतो आणि ते मला आवडत नाही. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

शनिवारी साडेनऊला रेड. "लाल" म्हणणार नाही. बॉसचं तोंड बारा वाजता धरायचं, वर्तुळ कुठे पडलं ते मी घड्याळाने सांगेन: तीन, सहा, नऊ. हीलरने उजव्या अंगाला उभं राहायचं. मेज, तुमची जागा मोकळी आहे, बटण कुठलं दाबता ते मी विचारणार नाही.

फोंड्याची_मेज

येते. साडेनऊला औषध घेतलेलं असतं, पावणेदहा करा.

जुना_टँक (म्हापसा)

पावणेदहा. सत्तरी, लाइट गेली तर फोन कर, दहा मिनिटं थांबू. अकरावं मिनिट नाही.