पोरांना घेऊन पार्कात, जंगलात: तुमचे अनुभव लिहा

सावरी:
मंडळी, हा धागा कधीपासून काढायचा होता. आपल्यातले कितीतरी जण मुलांना घेऊन निसर्गफेरीला जातात, कोणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, कोणी माहीमला, कोणी घरामागच्या टेकडीवर, पण लिहीत कोणीच नाही, व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकले की संपलं. तर इथे लिहा. कुठे गेलात, पोरं केवढी होती, काय दिसलं, काय जमलं नाही, घरातली वडीलधारी माणसं बरोबर होती का. तिकीट आणि वेळा कुठेही सापडतात, मला अनुभव हवेत.

मीच सुरुवात करते. आम्ही बोरिवलीचेच. २०१६ ला कारवी फुलली तेव्हा कान्हेरीच्या वरच्या बाजूला बघायला गेलो होतो, मुलगी पोटात होती, सासूबाईंनी नको नको म्हटलं तरी गेले. मग २०२४ ला परत फुलली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी वर चढली. सगळा उतार जांभळा झालेला आणि मधमाश्यांचा आवाज. बरोबर जे दादा होते त्यांनी तिला सांगितलं की ही झुडपं सात वर्षं नुसती वाढतात, आठव्या वर्षी एकदाच फुलतात, बी धरलं की वाळून जातात, आणि वाळक्या बोंडांवर पुढचा पाऊस पडला की ती तडतड फुटून बी लांब उडतं. वारली लोक ह्याच कारवीच्या काठ्यांच्या भिंती करतात हे पण तिला तिथेच कळलं. पुढचा फुलोरा २०३२ ला. तिनं उभ्या उभ्या हिशोब केला, "म्हणजे मी दहावीत असेन, तरी न्यायचं हं." न्यायचंच आहे.

अंधेरीचा_बाबा:
छान धागा. आमचा अनुभव गोरेगावचा, फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) केंद्र आहे तिथला. रविवारी सकाळी फुलपाखरांचा कार्यक्रम असतो, ब्रेकफास्ट विथ बटरफ्लाइज, आधी बाग फिरवतात, माहिती देतात, नाश्ता असतो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, अजिबात एका जागी न थांबणारा, मला वाटलं अर्ध्या तासात घरी चला म्हणेल. पण तिथल्या ताईंनी त्याला आधी फुलपाखरू दाखवलंच नाही, कण्हेरीचं पान उलटून खाली लटकलेला कोश दाखवला, चक्क चांदीचा, आरशासारखा चकचकीत, आणि तो जो तिथे बसला तो उठेचना. मग नीलवंत दिसलं, आपलं राज्य फुलपाखरू, हळदीकुंकू दिसलं (नाव किती नेमकं आहे, पिवळा आणि लाल).

खरी मजा घरी आल्यावर. आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे, त्यावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटायचं ते पुसून टाकायचो, ह्यानं ओरडून थांबवलं, बाबा ती अळी आहे! खरंच अळी. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यातून केशरी शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो. आता आईनं फोडणीसाठी वेगळी कुंडी लावलीय, ही अळ्यांची म्हणून सोडलीय.

मुक्ता_शिक्षिका:
मी पालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझा अनुभव माझ्या वर्गाचा, आणि दोन-चार पालकांचा जे बरोबर आले होते. माझ्या वर्गातली बरीचशी मुलं दहिसर नदीच्या काठच्या वस्तीत राहतात. त्यांच्यासाठी ती नदी नाहीच, नाला आहे, घरात सगळे नालाच म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही, तिथे तिचं रूपच तसं आहे, प्लास्टिक, तबेल्यांचं शेण, काळं पाणी.

पावसाळ्यानंतर आम्ही नॅशनल पार्कात फेरी ठेवली. मी मुद्दाम आधी काही सांगितलं नाही. ओढ्यापाशी पोचलो, पाणी एकदम नितळ, खालचे दगड दिसत होते, बारके मासे, पाण्यावर पळणारे किडे. मुलं विचारून विचारून पाय घालून बसली. तेव्हा मी सांगितलं की हे तुमच्या घरामागचंच पाणी आहे. तुळशी तलावाच्या बाजूनं निघतं, पार्कातून खाली येतं, मग वस्तीतून जातं आणि मनोरीच्या खाडीला मिळतं. दोन मिनिटं कोणी विश्वासच ठेवला नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग मधे काय होतं?" मी गप्प राहिले कारण उत्तर त्यांनाच शोधू द्यायचं होतं. परत येताना गेटच्या बाहेर आल्यापासून बसच्या खिडकीतून मुलं नदी कुठे दिसते ते बघत होती, कुठल्या पुलापासून रंग बदलतो ते वहीत लिहिलं. एका मुलीची आई बरोबर होती, ती घरकाम करते, इतकी वर्षं दहिसरला राहून पार्कात पहिल्यांदा आलेली, ती म्हणाली मी गावाला अशाच पाण्यावर कपडे धुवायचे, इथे आहे हे कोणी सांगितलंच नाही.

ह्या शहराच्या पोटात तुळशी नि विहार असे दोन तलाव आहेत, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात, आणि त्यांच्याभोवती हे शंभर चौरस किलोमीटरचं जंगल उभं आहे म्हणून ते पाणी टिकून आहे. हे पुस्तकात एका ओळीत येतं. मला मनापासून वाटतं की प्रत्येक पालिका शाळेतल्या प्रत्येक मुलानं एकदा तरी त्या पाण्यात पाय घातलाच पाहिजे, सहल म्हणून रिसॉर्टला नेण्याचे पैसे ह्याच्यावर घाला.

सावरी:
मुक्ताताई, वाचून अंगावर काटा आला. "मधे काय होतं" हा प्रश्न मोठ्यांनी पण विचारायला पाहिजे.

कोकणचे_आजोबा:
नमस्कार. नातवाबरोबर गेलो होतो म्हणून लिहितो. वयाची सत्तरी उलटली आहे, गुडघे बेताचे, त्यामुळे सपाट वाटेवरची फेरी निवडली. जूनची सुरुवात होती, नुकता पाऊस पडलेला. गाइड मुलगा वारली पाड्यावरचा होता, त्यानं जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब दाखवून मुलांना विचारलं हे काय. कोणाला येईना. मी म्हटलं शेवळं, पहिल्या पावसातली रानभाजी! तो इतका खूष झाला की पुढचा अर्धा तास आम्ही दोघेच बोलत होतो, त्याच्याकडे कशी करतात, आमच्याकडे कशी करतात. शेवळाबरोबर काकडाची फळं हवीत, नाहीतर घसा खाजतो, ह्यावर एकमत. नातू आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याला आजोबांना एवढं माहीत आहे हे नवीन होतं. पार्कात काही तोडायचं नसतं, ते बरोबरच आहे, म्हणून येताना स्टेशनबाहेर बसलेल्या बाईकडून एक जुडी घेतली आणि सुनेनं केली. नातवाला आवडली. तर माझं सांगणं, घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या, हळू चालतात म्हणून मागे ठेवू नका.

रानजाई:
आजोबा, +१००. आमच्याकडे आई आहे, तिला आता जवळजवळ दिसत नाही. आम्ही माहीमच्या निसर्ग उद्यानात जातो, महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावीच्या कडेला मिठी नदीकाठी आहे ते. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे, आज वर पाहिलं तर नुसती झाडी, ३७ एकर आहे म्हणे तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. सुरुवातीला आई म्हणायची मला काय दिसणारे, तुम्ही जा. मग माझ्या लेकीनं खेळ काढला. ती पान आणून देते (खाली पडलेलंच, तोडत नाही) आणि आजीनं ओळखायचं. पारिजातक तर हात लागताक्षणी, पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत असतं. निर्गुडी चुरगळून वासावर. काटेसावरीच्या बुंध्याला हात लावायला आधी घाबरली मग सगळे काटे चाचपले. आवाजावर तर ती आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे, तांबटाचं टुक टुक टुक कुठल्या दिशेनं येतंय ते बोट करून दाखवते आणि लेक त्या बोटाच्या दिशेनं दुर्बीण लावते. हल्ली तांबट सापडतोच त्यांना. पानाच्या रंगाचा एवढासा पक्षी, मला एकटीला कधीच सापडला नसता.

आता त्या दोघी माझ्याशिवाय प्लॅन करतात.

ठाणेकर_४२:
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. एका ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव लिहीत नाही. एवढी माणसं एका गाइडमागे, मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, एकाच्या पिशवीत स्पीकर चालू, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, बिबट्या कधी दिसेल. पोरं कंटाळली, माझीही. नंतर छोट्या ग्रुपबरोबर नॅशनल पार्कातल्या शिलोंड्याच्या वाटेला गेलो, तिकडे परवानगी आणि गाइड लागतो, आणि तोच मुलगा दुसराच वाटला. ओढ्याकाठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा चिखलपान करत होता (ओल्या मातीतले क्षार शोषतात ती), दहा मिनिटं हललो नाही आम्ही. चिखलात ठसे होते. गाइडनं मुलांनाच ठरवायला लावलं, कुत्रा की बिबट्या. नखं उमटली असतील तर कुत्रा, मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ठेवतो. एका ठशात नखं नव्हती. पोरांचे चेहरे बघायला हवे होते, बिबट्या न दिसता दिसला. म्हणून ग्रुप किती जणांचा आहे हे आधी विचारा, वीसच्या वर असेल तर मी तरी नाही जाणार. आणि पोरांना मधे ठेवा, मागे रेंगाळू देऊ नका, खेळायला पुढे सोडू नका, अंधार पडायच्या आत बाहेर. बिबट्यांच्या घरात आहोत, एवढं भान पाहिजेच.

निवटी:
ऐरोलीला कोणी गेलंय का? वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, फ्लेमिंगो बोट तिथूनच सुटते. बोटीची वेळ भरतीवर ठरते म्हणून आधी बघून जा. पण माझ्या मुलांना फ्लेमिंगोपेक्षा तिवरांमधला लाकडी पूल जास्त आवडला. खाली चिखलात निवट्या उड्या मारतात, मासा आणि पाण्याबाहेर चालतो! आणि ते एक नांगा मोठा असलेले खेकडे, नर तो नांगा हलवून माद्यांना बोलावत असतात, शेकडो एकदम. मुलीनं पण हात हलवून उत्तर दिलं. आमच्या घरी निवट्यांचं कालवण होतं, त्यामुळे तिला त्या फक्त ताटात माहीत होत्या.

न्यूजर्सीची_माई:
इकडचा अनुभव लिहिते, चालेल ना? अमेरिकेत नॅशनल पार्कांत ज्युनियर रेंजर म्हणून प्रकार असतो. व्हिजिटर सेंटरमधून पुस्तिका घ्यायची, त्यात वयाप्रमाणे कामं असतात, झाड बघून काढा, आवाज ऐका, रेंजरला एक प्रश्न विचारा. पुरी केली की रेंजर तपासतो, उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतो, बॅज देतो. आणि चौथीतल्या मुलांना वर्षभराचा फुकट पास मिळतो, बरोबर गाडीतल्या घरच्यांना पण चालतो. माझा लेक शपथ घेताना एवढा ताठ उभा होता! मे महिन्यात भारतात आलो तेव्हा त्यानं नॅशनल पार्कात गाइडला विचारलं, पुस्तिका कुठे मिळेल. नव्हती. मग त्या गाइडनं स्वतःच्या वहीचं पान फाडून त्याला पाच कामं लिहून दिली, मराठीत, आणि शेवटी सही केली. बहावा शोध, त्यात होतं. ते पान आम्ही बॅजांच्या शेजारी लावलंय. असं काहीतरी मराठीत छापून प्रत्येक उद्यानाच्या गेटवर ठेवलं तर किती सोपं आहे, कोणी मनावर घेणार असेल तर मी मजकूर लिहायला तयार आहे, मनापासून.

मुक्ता_शिक्षिका:
माई, मी चित्रं काढायला मुलं देते. संपर्कात राहू.

तळजाईकर:
पुण्यातून. आमच्याकडे कार्यक्रम वगैरे नाही, रोजची टेकडी. पण मुलांना एक खेळ दिलाय: ग्लिरिसिडिया नसलेलं झाड शोधायचं. ज्यांना माहीत नाही त्यांना, टेकड्या हिरव्या करायला हे बाहेरचं झाड भरमसाट लावलं गेलं, फुलतं गुलाबी, दिसतं छान, पण त्याच्याखाली दुसरं फारसं काही येत नाही. तर पोरं आता लांबून ओळखतात आणि मधेच एखादा पळस सापडला की आरडाओरडा. फेब्रुवारी-मार्चमधे या, पळसावर शिंजीर नि बुलबुलांची गर्दी असते.

पतंगवाली:
रात्रीचं कोणीच लिहिलं नाही! जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो (मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर येतात ते किडे), २०१२ पासून, सुरू झाला अमेरिकेत पण आता आपल्याकडेही होतो. सोपं आहे, पांढरी चादर टांगायची, समोर दिवा, गप्प बसायचं. आम्ही सोसायटीच्या बागेतच केलं, मुलं पावसाच्या जॅकेटात, आणि तासाभरात चादर भरली. एकसारखे दोन नाहीत. ॲटलास पतंग आम्हाला चादरीवर नाही आला, तो नंतर पार्कात सकाळी झाडावर बसलेला मिळाला, तळहाताहून मोठा, त्याला खाता येईल असं तोंडच नसतं, अळीपणी खाल्लेल्यावर आठवडाभर जगतो. हे ऐकून माझा भाचा रडायला लागला. समजूत काढावी लागली की त्याला भूक लागत नसेल रे.

अंधेरीचा_बाबा:
एक कामाची गोष्ट. पावसाळ्यानंतर खाजकुईलीच्या शेंगा असतात वेलीवर, सोनेरी मखमली, पोरं हात लावणारच. आधी ओळख करून द्या. लव लागलीच तर चोळू नका, आमच्या गाइडनं चिकटपट्टी लावून लावून उचलली, मग धुतलं. फुल बाह्या, फुल पँट. आणि खाऊ प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरून चालू नका, माकडं हिसकावतात.

नवी_आई:
सगळं वाचून काढलं. मुलगा तीन वर्षांचा आहे, एवढ्यात नेलं तर चालेल का? का थांबू?

रानजाई:
थांबू नकोस गं. फेरीला नको, नुसतं गेटजवळच्या सपाट भागात ने, सकाळी लवकर. एक झाड ठरव आणि दर वेळी त्याच झाडापाशी जा. आम्ही तसंच सुरू केलं होतं, लेक अडीचची होती, एका वडापाशी. मुंग्या, पडलेली फळं, खाली काय काय सापडतं ते ती बघायची, मी काही शिकवायचे नाही.

सावरी:
हो, आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. मी बहुतेक रविवारी सकाळी असतेच तिकडे, यायचं असेल तर इथे लिही, बरोबर जाऊ. बाकी मंडळी, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, गोवा, कोणीच कसं नाही आलं अजून?