केवळ मांसाहार आणि रोजची दहा मिनिटे: बडोद्यात हे जमते का?

रावपुरेकर
मांडवीकरांनी काल लिहिले की चार महिने केवळ मांस, अंडी व तूप खाऊन आणि रोज दहा मिनिटे जोर-बैठका काढून त्यांचे वजन अकरा किलोंनी उतरले, आणि भाकरी-वरण हेच आपल्या सर्व दुखण्यांचे मूळ आहे. वजन उतरल्याचा मला आनंदच आहे, पण दुसऱ्या विधानाने मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या थोरल्या भावाने हाच प्रयोग केला होता. आपल्याकडे खाटीक ब्रॉयलरची कातडी सोलूनच देतो आणि बोकडाच्या मटणातही चरबी बेताचीच असते, त्यामुळे त्याच्या ताटात नुसती प्रथिने उरली आणि दहा दिवसांत जुलाब व गळाठ्याने त्याने अंथरूण धरले. 1928 साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात स्टेफान्सन या संशोधक प्रवाशावर वर्षभर मांसाहाराचा प्रयोग झाला, तेव्हा चरबी काढलेल्या मांसावर तोही थोड्याच दिवसांत आजारी पडला आणि चरबी वाढवल्यावर सावरला. अमेरिकेतील हा आहार चरबीदार गोमांसावर उभा आहे. गुजरातेत तो जसाच्या तसा उचलणाऱ्याने आधी आपल्या बाजारात काय मिळते ते पाहावे.

मांडवीकर
आपल्या बंधूंनी चरबी टाळली, हा दोष आहाराचा कसा? मी तूप, अंड्यांचे बलक, खिमा आणि पाया खातो, कलेजी आठवड्यातून एकदाच घेतो, कारण तिच्यातले अ जीवनसत्त्व रोज झेपत नाही. माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, 8.1 वरून 6.3 वर आले; वीस वर्षे पोळी मोजून खाऊनही ते हलले नव्हते. व्यायामाचे म्हणाल, तर जपानच्या ताबाता यांनी 1996 साली दाखवले आहे की वीस सेकंद जिवापाड मेहनत आणि दहा सेकंद विसावा अशी सात-आठ आवर्तने, म्हणजे जेमतेम चार मिनिटे, दमसास वाढवायला पुरतात.

लाल माती
आहाराचे तुम्ही दोघे पाहा, पण व्यायामाविषयी असे लिहिलेले मला सहन होत नाही. ताबातांच्या प्रयोगातली मुले शारीरिक शिक्षणाची विद्यार्थी होती, शेवटच्या आवर्तनात पाय चालेनासे होईपर्यंत सायकल मारत होती, आणि आठवड्यातून एक दिवस अर्ध्या तासाचा वेगळा व्यायामही करत होती. पन्नाशीच्या मधुमेही माणसाने थंड शरीराने ते करणे म्हणजे हृदयाची परीक्षा घेणे आहे. प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर यांच्या या गावात मी लहानपणी आखाड्यात जात असे. पहिली दहा मिनिटे तर हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणण्यातच जात, अंगाला घाम फुटल्यावरच वस्ताद जोर मोजू लागत. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि त्यासोबत पोळीही असे. धान्याने कुणाचे शरीर बिघडल्याचे मी पाहिले नाही. मात्र एक गोष्ट मनाविरुद्ध कबूल करतो. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी झाला पाहिजे, ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी अट 2020 मध्ये निघाली आहे, आणि थोडी हालचालही मोजली जाते. पण आठवड्याची 150 मिनिटे तिनेही ठेवलीच आहेत. रोज दहा म्हणजे सत्तर होतात. पुढचा हिशेब आपणच करावा.

मांडवीकर
जोरकस व्यायाम असेल तर तीच संघटना 75 मिनिटे पुरेशी मानते, हे आपण सोयीने गाळलेत. माझी सत्तर मिनिटे दम लागेपर्यंतची असतात.

लाल माती
गाळले, हे मान्य आहे. तरीही पाच मिनिटे कमीच पडतात, आणि अंग मोकळे करण्याचा वेळ आपण यात धरलेलाच नाही.

नागरवाड्याची सून
दोघांनाही विचारते, हे शिजवते कोण? आमच्या घरी हा आहार सुरू झाल्यापासून सासूबाईंसाठी वेगळी भांडी, मुलांसाठी वरणभात आणि यांच्यासाठी दिवसातून दोनदा मटण, अशा तीन पंगती मी उठवते. माझ्या व्यायामाला दहा मिनिटेही उरत नाहीत. यांची साखर उतरली हे खरे, पण जुन्या मात्रेच्या गोळ्या चालूच राहिल्याने एका पहाटे हातपाय थरथरून घाम फुटला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी मात्रा घटवली. वाईट कोलेस्टेरॉल 190 वर गेले ते वेगळेच. 2021 साली केवळ मांस खाणाऱ्या 2029 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेक जण समाधानी होते, पण सगळी उत्तरे त्यांनी स्वतःच दिलेली होती, आणि ज्यांनी रक्ताचे आकडे कळवले त्यांच्या एलडीएलचा, म्हणजे याच वाईट कोलेस्टेरॉलचा, मध्यक 172 होता. जे सोडून गेले त्यांना कोणी विचारले?

मांडवीकर
कोलेस्टेरॉल मी तपासलेले नाही. या आठवड्यात तपासतो आणि आकडा येथेच लिहितो. भाकरीला सर्व दुखण्यांचे मूळ म्हटले, तेवढे वाक्य मागे घेतो. मटण मात्र आजपासून मीच शिजवीन, कारण हा प्रश्न माझ्या घरात कोणी विचारलाच नव्हता.

रावपुरेकर
युरिक अॅसिडही त्याच वेळी तपासून घ्या. माझ्या भावाचा अंगठा त्यानेच सुजला होता.