वर्गणीवर देश चालतो का? (अमेरिका, १७८१-८७)

मुळशीकर
केंद्र दुबळं तितकी राज्यं सुखी, असं म्हणणारे बरेच भेटतात. अमेरिकेच्या तेरा राज्यांनी हे करून पाहिलंय. १ मार्च १७८१ ला लागू झालेल्या त्यांच्या पहिल्या घटनेत काँग्रेसला, म्हणजे केंद्राच्या सभेला, युद्ध पुकारता येई, तह करता येई, कर्जही काढता येई. कर तेवढा लावता येत नसे. राज्यांकडे मागणी पाठवायची नि वाट बघत बसायचं. थेट गणपतीची वर्गणी! आयातीवर ५ टक्के जकात हवी होती, पण घटनादुरुस्तीला तेराही राज्यं राजी लागत. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, विषय संपला. पुढच्या खेपेला न्यूयॉर्क अडलं.

जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसलाच वेढा घातला. पेनसिल्व्हेनिया राज्याने मिलिशिया (राज्याची नागरी फौज) बोलवायला नकार दिला, आणि देशाचं सरकार प्रिन्स्टनला पळालं.

तहाचा किस्सा तर याहून भारी. ब्रिटनशी पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ ला झाला, सहा महिन्यांत मंजुरी द्यायची होती. त्यासाठी नऊ राज्यांचे प्रतिनिधी लागत. काँग्रेस आता अॅनापोलिसला भरत होती, तिथे भर थंडीत कित्येक आठवडे सातच राज्यं हजर! कसाबसा १४ जानेवारी १७८४ ला शिक्का बसला. स्वातंत्र्याच्या कागदाला माणसं जमेनात.

उलटतपासणी
किस्से झकास, पण मजबूत केंद्र हवं होतं कुणाला? सैनिकांना पगाराऐवजी कर्जरोख्यांचे कागद मिळाले, ते त्यांनी नडीला कवडीमोलाने विकले. घेतले सट्टेबाजांनी. मग मॅसॅच्युसेट्सने अशा कर्जरोख्यांचं देणं भागवायला त्याच शेतकऱ्यांवर कर बसवला, तोही रोकड्यात. १७८६ मध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या लोकांनी कोर्टं बंद पाडली ती उगाच नाही. १७८७ मध्ये लिहिलेल्या नव्या घटनेने मजबूत केंद्र आल्यावर १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने ते कागद पूर्ण दर्शनी किमतीला धरले. आणि ज्या दुबळ्या काँग्रेसला हसताय, तिनेच जुलै १७८७ मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद केली. नव्या घटनेने मात्र गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय दिलं.

मुळशीकर
गुलामगिरीचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण तो कर राज्याचाच होता ना? आणि शेजचं बंड मोडणाऱ्या फौजेला पैसे दिले बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी, खिशातून. केंद्र दुबळं राहून शेतकऱ्याला मिळालं काय? सावकारांच्या वर्गणीची फौज.

उलटतपासणी
आणि मजबूत केंद्राकडून? १७९४ मध्ये व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध शेतकरी उठले, तर सुमारे १३,००० ची फौज निघाली, काही वाट खुद्द वॉशिंग्टनसोबत.

बारभाई
इतक्या लांब कशाला? दुबळं केंद्र आपल्याकडेही होतं. २५ ऑक्टोबर १८०२, हडपसर. यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज उधळली, बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांच्या तहावर सही.

उलटतपासणी
बारभाई, सरंजाम आणि निवडून आलेल्या विधानसभा एका तराजूत नका घालू. पुण्याने होळकरांचं मत कधी मोजलं होतं? तिकडे व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन नव्या घटनेवर सही न करता उठला, कारण घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. ती १७९१ मध्ये आली, ती अडून बसणाऱ्यांमुळे.

मुळशीकर
मेसन अडला तो हक्कांसाठी, त्याला सलाम. ऱ्होड आयलंड जकातीसाठी अडलं होतं. त्यांनी नवी घटनाही १७९० पर्यंत लटकवली, शेवटी ३४ विरुद्ध ३२ ने हो म्हणाले.