नववीच्या मुलांकडून होलोकॉस्टवर (नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहारावर) प्रकल्प करून घ्यायचाय, सुरुवात कुठून करावी?

वर्गशिक्षिका_दादर
नमस्कार. हाताशी पाच तासिका आहेत, मुलं ४०. मोबाईलवर शोधलं की आधी प्रेतांचे फोटो आणि कुठले कुठले व्हिडिओ समोर येतात. 'हिटलर कसाही असो, शिस्तीचा होता' असं काही मुलं सहज बोलून जातात. शिवाय मुंबईतल्या ज्यू समाजाशी विषय जोडावा का? शिकवलेल्यांनी कृपया सांगा.

इतिहास_परळ
ताई, आधी विषय लहान करा. नुसतं 'होलोकॉस्ट' दिलं की मुलं नेटवरची दोन पानं उतरवून आणतात. चौघांचा एक गट करा, प्रत्येक गटाला दोनच कागद द्या आणि विचारा: कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, आणि यात काय सांगितलेलं नाही?

पहिला कागद वान्सी बैठकीचं इतिवृत्त. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी नाझी अधिकाऱ्यांनी या बैठकीत केली. २० जानेवारी १९४२, बर्लिन, १५ अधिकारी. ३० प्रती निघाल्या होत्या, सापडली एकच. त्यातला देशवार तक्ता तेवढा छापून द्या. एकूण १ कोटी १० लाखांहून जास्त ज्यू मोजलेत. इंग्लंडचे ३,३०,०००, स्वित्झर्लंडचे १८,०००. हे देश जर्मनीच्या ताब्यात नव्हतेच. ते मुलांना नकाशावर स्वतः सापडू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

दुसरा कागद याद वाशेमच्या (जेरुसलेममधली होलोकॉस्टची स्मारकसंस्था) नावांच्या संग्रहातलं साक्षीपत्र. मारल्या गेलेल्या माणसाचं नाव, आईवडील, जन्मगाव, व्यवसाय, आणि खाली ते भरून देणाऱ्याची सही आणि नातं. तक्त्यात माणसं नुसता आकडा आहेत, इथे तीच कुणाची तरी आत्या किंवा भाऊ आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र ही पत्रं बरीचशी युद्धानंतर खूप वर्षांनी, आठवणीतून भरलेली आहेत. स्पेलिंग, तारखा जुळत नाहीत, एकाच माणसाची दोन-तीन पत्रंही मिळतात. म्हणून पत्रं मोजून मृतांचा आकडा काढू देऊ नका.

वर्गात इमेज सर्च बंद. सहा-सात फोटो तुम्हीच निवडा, प्रेतांचा एकही नको. वॉर्सा घेट्टोतला (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला) हात वर केलेला मुलगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो फोटो १९४३ च्या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) अहवालातला आहे, म्हणजे कॅमेरा ठार मारणाऱ्यांच्या बाजूला होता. हे फोटोखाली लिहायलाच हवं. एआयने बनवलेले खोटे फोटोही आता फिरतात. संग्रहाचं नाव आणि क्रमांक नसेल तर फोटो घ्यायचा नाही.

जुनी_पानं
'शिस्तीचा होता' म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, फळ्यावर तारखा लावायला सांगा. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, २२ मार्चला डाखाऊची छळछावणी सुरू, १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. 'आधी चांगला होता' म्हणायला दोन महिनेही मिळत नाहीत.

आकड्यांचा एक घोळ नक्की येईल. ऑशवित्झ या नाझी मृत्यूछावणीत ४० लाख मेले असं सोव्हिएत आयोगाने म्हटलं होतं. इतिहासकारांचा आकडा सुमारे ११ लाख आहे. होलोकॉस्ट घडलाच नाही म्हणणारे हीच तफावत दाखवून मारल्या गेलेल्या ज्यूंचा ६० लाख हा एकूण आकडा खोटा ठरवू पाहतात. पण ६० लाखांची बेरीज त्या ४० लाखांवर कधीच उभी नव्हती. ती देशोदेशींच्या जनगणना आणि वाहतुकीच्या नोंदींवरून केलेली आहे. मुलांनी हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचण्याआधी तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

आणि 'तू कैदी, तू पहारेकरी' असली नाटकं अजिबात नकोत. मुलांना त्यातून काही कळत नाही, एखादं घाबरतं, बाकीची हसतात.

भायखळा_वाचक
मुंबईची जोड जरूर द्या, पण 'हिटलरमुळे ज्यू मुंबईत आले' एवढंच वाक्य होता कामा नये. बेने इस्राएली हे मराठी बोलणारे ज्यू कोकणात शेकडो वर्षं आहेत. मस्जिद बंदरजवळचं शार हारहमीम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ चं. १९३० नंतर आलेले युरोपीय निर्वासित वेगळे. आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आले. युद्ध सुरू झाल्यावर ज्यू निर्वासितांपैकी अनेकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रजांनी स्थानबद्धही केलं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी मुलं हमखास यात घालतात. तिथले बहुतेक लोक सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले कॅथलिक होते.

सिनेगॉगला न्यायचं तर आधी परवानगी घ्या, सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, शनिवार आणि सण टाळा, मुलांना डोकं झाकायला रुमाल सांगा. आणि तिथल्या आजीआजोबांना 'तुमच्यावर काय गुदरलं' असं विचारू नका. त्यांचा इतिहास अलिबाग-रेवदंड्याचा आहे, त्याबद्दल विचारा.

वर्गशिक्षिका_दादर
फार उपयोग झाला. गुण कशाला द्यावेत? आणि गाझाचा विषय निघाला तर?

इतिहास_परळ
गाझासाठी वेगळी तासिका ठेवा आणि तसं आधीच सांगा. प्रश्न दाबू नका, पण त्यावरून १९४२ मध्ये काय घडलं ते ठरू देऊ नका. २० पैकी १० गुण स्रोतांच्या नोंदीला द्या: कागद कुठून घेतला, त्याची खातरजमा दुसऱ्या कुठल्या स्रोतावरून केली, काय जुळलं नाही. मुखपृष्ठ आणि सजावटीला शून्य. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी जाऊ द्या.