जादू जुन्या लेन्सची की मोठ्या निगेटिव्हची? मेणवलीच्या घाटावर तीन कॅमेरे

ढगाळ_सकाळ (धागाकर्ता)

"जुन्या काचेत जी जादू आहे ती आजच्या लेन्समध्ये नाही" हे गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी तीन जुने कॅमेरे पिशवीत घातले आणि वाईजवळ मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट, आणि तिथली ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. घंटेवर बाळाला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे. म्हटलं, ती कुठल्या निगेटिव्हवर किती दिसते तेवढंच बघू.

वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला, पुढे एकच साधं भिंग. झेनिट ई, त्यावर हेलिओस ४४-२ ही लेन्स, म्हणजे ५८ मिमी एफ २ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). आणि यशिका मॅट १२४ जी, ८० मिमी एफ ३.५. फिल्म तिन्हीत इलफर्डची एफपी४ प्लस, कारण ती झेनिटच्या ३५ मिमीतही मिळते आणि बाकी दोघांच्या रुंद १२० रोलमध्येही. झेनिट आणि यशिका दोन्ही ट्रायपॉडवर, केबल रिलीज लावून, एफ ८, १/१२५. क्लिकवर ठरवण्यासारखं फारसं काही नसतंच. धुलाई घरी, डी-७६ डेव्हलपरमध्ये, पाण्यात बर्फ टाकून २० अंशांवर आणून. स्कॅन माझ्या फ्लॅटबेड स्कॅनरवर.

यशिकात मेरीच्या हातातलं बाळ दिसतं. झेनिटमध्ये मेरी आधी माहीत असेल तर दिसते. क्लिकमध्ये घंटा आहे हे मान्य करता येतं. मधोमध बरं आहे, कडेच्या पायऱ्या विरघळल्यात.

माझं म्हणणं असं की यशिकाची लेन्स काही दैवी नाही. चार भिंगांची टेसार पद्धतीची रचना, झाइसने १९०२ साली काढलेली आणि मग जगभर उचललेली. जिंकली ती निगेटिव्ह. ५६ बाय ५६ मिमी विरुद्ध २४ बाय ३६, म्हणजे साडेतीनपटीहून जास्त जागा. लोक जुन्या लेन्सचं 'कॅरॅक्टर' म्हणतात ते दोषांचं लाडाचं नाव आहे. या, भांडा.

पानगळ

एफ ८ वर? अहो, एफ ८ वर सगळ्याच लेन्स शहाण्यासारख्या वागतात. हेलिओस घ्यायची आणि एफ ८ वर दगडी घंटाघर काढायचं, म्हणजे कुमार गंधर्वांना बोलावून फक्त आरोह-अवरोह म्हणायला लावण्यातला प्रकार.

तिला एफ २ वर पूर्ण उघडा. माणूस दीडेक मीटरवर उभा करा, मागे पानांतून गळणारं ऊन असू द्या. कडेने तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सची नळी आडवी येते, त्यामुळे मागचे गोल ठिपके बदामासारखे होतात आणि चेहऱ्याभोवती फेर धरतात. हा दोष आहे हे मलाही कळतं. पण मिरजेला लोक तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला जातात ते तो झणत्कार घालवायला नाही, नीट बोलता करायला. स्वच्छ, एकसुरी तार कुणाला हवी असते?

अर्धा_मिलिमीटर

धागाकर्त्याचे कष्ट मान्य, निष्कर्ष नाही. दोन्ही फोटो एकाच पायरीवरून काढलेत का? तसं असेल तर साडेतीनपटीचा हिशेब घंटेला लागू होत नाही. निगेटिव्हवर घंटा किती मोठी पडते ते फोकल लेंग्थवर, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्यावर ठरतं. ८० भागिले ५८ म्हणजे १.३८. घंटेला उंचीत १.३८ पट आणि क्षेत्रफळात १.९ पट जागा मिळाली. बाकीची जादा जागा नदी, पायऱ्या आणि आभाळ घेऊन बसलं आहे.

दुसरं, फ्लॅटबेड स्कॅनर ३५ मिमीचा शत्रू आहे. खोक्यावर छापलेला डीपीआयचा आकडा आणि काचेवर प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांची गाठ क्वचितच पडते. १२० ची मोठी निगेटिव्ह ते सहन करते, ३५ मिमीचा जीव जातो. म्हणजे तुम्ही लेन्स आणि निगेटिव्ह तपासली नाहीत, स्कॅनर तपासलात.

ढगाळ_सकाळ

@अर्धा_मिलिमीटर, हो, एकाच पायरीवरून. माझे साडेतीन आता दोनच्याही खाली आले, हे गिळतो. स्कॅनरचं मात्र अर्धंच पटतं, कारण स्कॅन टाळून लाइट बॉक्सवर लूपने, म्हणजे छोट्या भिंगाने पाहिलं तरी झेनिटची निगेटिव्ह मळकट आहे.

@पानगळ, जवारी मान्य. पण तंबोरा मागे असतो हो. तुमच्या हेलिओसवाल्यांच्या फोटोत तंबोराच पुढे बसलेला असतो आणि गाणारा कुठेतरी मधे फिरतोय.

पानगळ

हा टोमणा आवडला, तरी हरले नाही. फोटो वाईट काढणाऱ्यांची शिक्षा लेन्सला नको.

दमट_किनारा

मळकट म्हणालात तिथे थांबलो. मी रत्नागिरीला असतो, आमच्याकडे चार पावसाळ्यांत लेन्सला आपसूक 'कॅरॅक्टर' येतं. त्याला बुरशी म्हणतात.

तुम्ही हेलिओस आणि यशिकाची तुलना केलीच नाही. तुमच्या हेलिओसची तुमच्या यशिकाशी केलीत. चाळीस-पन्नास वर्षांच्या दोन वस्तू, कुणी कुठल्या कपाटात ठेवल्या, कुणी खोलून पुन्हा जोडल्या, मधली भिंगं सरळ बसली की नाही, कोण सांगणार? लेन्स पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. जाळं दिसलं तर बुरशी, दुधाळ पापुद्रा दिसला तर धुकं. मग बोलू.

कोल्हापूरचा_स्टुडिओ

पोरांनो, भांडण गोड आहे, पण तुम्ही सगळे गिऱ्हाईक विसरलात. मी तीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्या, त्यातली पहिली कितीतरी वर्षं १२० वरच. का? शार्पनेससाठी न्हवं बघा. १२० च्या निगेटिव्हवर पेन्सिल चालते म्हणून. नवरीच्या गालावरचा व्रण, नवरदेवाच्या डोळ्याखालचा काळेपणा, सगळं निगेटिव्हवर बारीक शिसानं भरायचं आणि मग एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रात घालायचं. ३५ च्या निगेटिव्हवर चेहरा हरभऱ्याएवढा, तिथं पेन्सिल कुठं टेकवणार?

आणि लेन्स लई शार्प असली की आम्हीच तिला मऊ करायचो. फिल्टरच्या कडेला व्हॅसलिन, नाहीतर बारीक जाळीचा मोजा. आज तुम्ही जुन्या लेन्सची मऊ प्रतिमा पैसे मोजून घेता, तेव्हा हसू येतं.

ग्रेनचं, म्हणजे फिल्मच्या दाण्याचंही सांगतो. ८ बाय १० चा प्रिंट काढायचा तर ३५ मिमी साडेआठपट वाढवावी लागते, १२० साडेचारपट. फिल्म तीच, पण एका प्रिंटवर वाळू आणि दुसऱ्यावर पीठ. यात लेन्सचा संबंध नाही, त्यामुळे धागाकर्त्याच्या बाजूनं माझं एक मत.

फक्त_मोबाइल

एवढा खटाटोप कशाला? रोल, धुलाई, स्कॅन धरून एका फोटोला दोन-तीन वडापाव तरी जातात. फोनवर फिल्टर लावा, कुणाला फरक कळत नाही. होमाई व्यारावालांना कुणी विचारलं का, कॅमेरा कुठला म्हणून? नजर लागते.

पानगळ

उदाहरण उलटं पडलं की तुमचं. होमाईबाई स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स वापरत, दोन्ही मोठ्या निगेटिव्हचे. नजर त्यांची होतीच, पण हातात काय धरायचं हेही त्यांनी नजरेनंच ठरवलं असणार ना?

अर्धा_मिलिमीटर

'जुनी काच' हा शब्दच मला खटकतो. जुनी म्हणजे कधीची? कोटिंग (प्रकाश परत फिरणं कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. टेसारला हवेशी भिडणारे ६ पृष्ठभाग, हेलिओसच्या रचनेत ८. कोटिंग नसतं तर हेलिओसमधून जेमतेम ७२ टक्के प्रकाश सरळ पार झाला असता, आणि परत फिरलेल्यातला काही आतल्याआत भटकून सावल्या पांढुरक्या करत बसला असता. झाइसच्या स्माकुलांनी १९३५ मध्ये कोटिंगचा मार्ग काढला. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची काच एका नावाने कशी ओळखायची? १९३० ची लेन्स ऊन समोर घेऊन वापरली तर जे दिसतं ती खरी 'विंटेज' प्रतिमा. हेलिओस त्या मानाने कालचं पोर आहे.

ढगाळ_सकाळ

@दमट_किनारा, टॉर्च मारला. हेलिओसच्या मागच्या भिंगांच्या गटात दुधाळ पापुद्रा आहे, अगदी सायीसारखा. बुरशी नाही. म्हणजे झेनिटच्या मळकटपणाचं श्रेय हेलिओसला देता येत नाही आणि माझा निकाल अर्धा तरी रद्द. यशिकाच्या काचा स्वच्छ निघाल्या.

मूळ मुद्दा सोडत नाही, कोल्हापूरच्या काकांनी तो माझ्यापेक्षा नीट मांडलाय. पण परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. दुसरी हेलिओस मित्राकडून आणतोय, ती टॉर्चखाली तपासूनच. झेनिट दोन पायऱ्या पुढे नेईन, म्हणजे घंटा दोन्ही निगेटिव्हवर सारख्याच उंचीची येईल. एक रोल एफ २ आणि एफ ३.५ वर, पानगळताईंसाठी. माणूसही उभा करीन, पण मेणवलीत सकाळी सातला कोण तयार होतं बघू.

कोल्हापूरचा_स्टुडिओ

निगेटिव्ह घेऊन कोल्हापूरला ये. माझा एन्लार्जर अजून चालतोय, बल्ब तेवढा नवा टाकावा लागंल. कागद तू आण.

अर्धा_मिलिमीटर

काका, एन्लार्जरच्या लेन्सलाही टॉर्च मारून ठेवा.

कोल्हापूरचा_स्टुडिओ

मारला. गप बसतो आता.