खारबंधाऱ्यांच्या तांत्रिक पुस्तिकेसाठी लाटेक घ्यावे की वर्ड प्रोसेसरच ठेवावा?

सर्वांना नमस्कार. राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या खारबंधाऱ्यांची (खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांची) आणि उघाड्यांची (त्या बांधांतील झडप असलेल्या पाणी-वाटांची) देखभाल कशी करावी, यावर आम्ही तिघे जण मराठीत एक तांत्रिक पुस्तिका लिहीत आहोत. आजवरचे १६० पानांचे काम वर्ड प्रोसेसरमध्ये झाले असून त्यात ७० आकृत्या आणि ४० समीकरणे आहेत. ते आता लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानांची आणि समीकरणांची मांडणी करून घेणाऱ्या प्रणालीत, न्यावे का, असा प्रश्न आहे.

भरतीच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. त्या वेळचा विसर्ग दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे फरक दुप्पट झाला तरी विसर्ग साधारण १.४ पटच होतो. या सूत्राचा उल्लेख चार प्रकरणांत क्रमांकाने येतो. तिसऱ्या प्रकरणात मध्येच एक समीकरण वाढवल्यावर आम्ही पुढचे क्रमांक हाताने बदलले, आणि कच्च्या छापील प्रतीत दोन ठिकाणी चुकीचा क्रमांक राहून गेला. वाचणाऱ्याने भलतेच सूत्र वापरले तर उघाडी अरुंद बांधली जाईल आणि पावसाचे पाणी भातशेतीत तुंबून राहील, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही. उल्लेखांचे क्रमांक आपोआप बदलण्याची सोय वर्ड प्रोसेसरमध्येही असते. ती आम्ही सुरुवातीपासून वापरली नाही, हा दोष आमचाच आहे.

लाटेकबद्दलच्या जुन्या चर्चांमध्ये वेल्थुइस पद्धतीने रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याचा सल्ला आढळतो. परंतु जोनाथन क्यू यांचे झीटेक (ज्यावर लाटेक चालवता येते असा, युनिकोड समजणारा प्रोग्राम) २००४ मध्ये आल्यापासून युनिकोड मजकूर थेट लिहिता येतो, म्हणून एक प्रकरण मी त्यात करून पाहिले. नोटो सॅन्स देवनागरी टंक घेऊन भाषा मराठी असल्याचे स्पष्ट सांगितल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे उमटले, ‘बंधाऱ्या’तला ऱ्य नीट आला, आणि समीकरणांची मांडणी पाहून तर फार समाधान वाटले.

अडचण माणसांची आहे. आमच्यापैकी एक जण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत आणि दुसरे स्वतः खारजमीन कसणारे शेतकरी आहेत. दोघेही ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसता ठेवणारी वर्ड प्रोसेसरमधील सोय) लावून मजकूर तपासतात, आणि प्रत्यक्ष बांधावरचे ज्ञान त्यांचेच असल्याने त्यांना दुरुस्तीपासून दूर ठेवणारी कोणतीही पद्धत मला मान्य नाही. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही वारंवार जात असल्यामुळे ओव्हरलीफसारख्या ऑनलाइन सोयीवर विसंबता येत नाही.

तेव्हा जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. सहकाऱ्यांनी वर्ड प्रोसेसरमध्ये दुरुस्त्या कराव्यात आणि मी त्या लाटेकमध्ये उतरवाव्यात, अशी विभागणी कोणी वर्षभर तरी निभावली आहे का, आणि तिच्यात मजकूर कुठे निसटतो? समीकरणांच्या आतील अंक रोमन लिपीसोबतच्या वळणाचे (1, 2, 3) आणि पानांचे व समीकरणांचे क्रमांक देवनागरी, अशी रचना खात्रीने कशी करावी? आणि तुमच्या मते केवळ क्रमांकांसाठी एवढे स्थलांतर अनावश्यक असेल, तर आहे त्याच फाइलमधील हाताने टाकलेले सगळे उल्लेख स्वयंचलित करण्याचा क्रम कृपया सविस्तर सांगावा. तो मार्ग पत्करण्याचीही माझी तयारी आहे.