शेंगेन व्हिसावर आईबाबांचा प्रवास, मध्येच लंडन: सिंगल एंट्री चालेल का?

कोरांटी:
आईबाबा ३ ते २९ मे बाहेर असतील. १२ तारखेपर्यंत जर्मनीत बहिणीकडे, १७ पर्यंत पॅरिसला हॉटेलात, १७ ते २० लंडन आणि उरलेले दिवस परत जर्मनी. पासपोर्ट कोरे आहेत, आधीचा कुठलाच व्हिसा नाही. अर्ज कुणाकडे करायचा आणि गाडी नेमकी कुठे अडते?

भटकभवानी:
अर्ज जर्मनीकडेच. जिथे जास्त दिवस, तो देश. पहिली एंट्री कुठून, हे दिवस सारखे असतील तेव्हाच बघतात.

खरी गोम लंडनची आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, ब्रिटन त्यात नाही. रेल्वेने गेलात तर पॅरिसच्या गार दु नोर स्टेशनवरच फ्रेंच पोलिस एक्झिट नोंदवतात आणि सिंगल एंट्रीचा व्हिसा तिथेच संपतो. दिवस शिल्लक असले तरी २० तारखेला परत आत घेणार नाहीत. त्यामुळे फॉर्ममध्ये दोन किंवा अनेक एंट्रीवर खूण करा आणि कव्हर लेटरमध्ये १७ आणि २० या तारखा स्पष्ट लिहा. लंडनचा उल्लेखच नसेल तर दुसरी एंट्री कशाला द्यायची, असंच तिथला अधिकारी म्हणणार.

पासपोर्ट हातात आला की काउंटरवरच स्टिकर वाचा. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: वैधतेच्या तारखा, एंट्री किती, आणि राहायचे दिवस. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, म्हणजे ३ ते १७ चे १५ आणि २० ते २९ चे १०, एकूण २५. वैधता मात्र १३ जूनपर्यंत दिसू शकते, कारण १५ दिवसांची सवलत धरतात. ती तारखा पुढेमागे झाल्या तर म्हणून असते, जास्त राहायला नव्हे. तिथेच लोक फसतात.

दस्तऐवज:
कागदांचं थोडक्यात. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध, दोन पानं कोरी. फोटो ३५ × ४५ मिमी, सहा महिन्यांच्या आतला. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. त्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च हवा. लंडनचे तीन दिवस त्यात येतात का ते वेगळं बघा, नुसत्या शेंगेन पॉलिसीत येत नाहीत.

खर्च बहीण करणार असेल तर साधं निमंत्रणपत्र पुरत नाही. तिने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे खर्चाची कायदेशीर हमी, काढायची आणि मूळ प्रत पाठवायची. त्याची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथून करा. स्वतःच्या पैशावर जाणार असतील तर बँक स्टेटमेंट. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली की शंका येते. आली असेलच तर ती कुठून, याचा कागद जोडा.

फी माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तरी परत मिळत नाही.

कोरांटी:
तिकिटं आधी काढू का? आणि ब्रिटनचा व्हिसा आधी की नंतर?

भटकभवानी:
तिकिटाचं नुसतं आरक्षण पुरतं, पैसे भरू नका.

आधी शेंगेन. तो अर्ज सहा महिने आधी करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधी. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी अडकतो. शेंगेनचा निकाल १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. अर्ज किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, तरी त्या काठावर जाऊ नका. बोटांचे ठसे पहिल्यांदाच असल्यामुळे दोघांनाही स्वतः जावं लागेल.

दस्तऐवज:
एक राहिलंच. नकाराचं पत्र छापील असतं, कारणापुढे खूण केलेली. बऱ्याचदा खूण 'परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका' या कारणापुढे असते. म्हणून पेन्शन, घराची कागदपत्रं, मागे असलेलं कुटुंब हे सगळं पहिल्याच अर्जात जोडा. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय बंद केली आहे. आता कोर्ट, नाहीतर नव्याने अर्ज आणि नव्याने फी.